म्यूट असताना ऐकू आलेलं

रेकॉर्डिंग पंचवीस सेकंदांचं होतं. सुमतीनं ते लावलं आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

एक म्हातारी बाई बोलत होती. मागे चिटपाखरूही नाही, अशी शांतता. "ऐकतां का? अर्धं घर गेलें. काळोख पलीकडून सरकत येतो. तुम्हांस तिथून दिसतें का?" आणि एकदम बंद.

बाहेर रणरणतं ऊन होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू?

मी कुंभकोणमचा. नेटवर्क जोडणं, दुरुस्त करणं हा माझा धंदा. आमच्या घरांत अजून तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्या पूर्वजांची मराठी बोलतात. तुमची मी पुण्यातल्या नोकरीत शिकलो. सुमतीचं घरही आमच्यातलंच. ती घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी रुग्णांचे कागद तपासते. अकराच्या मीटिंगमध्ये ती म्यूट असतानाच कधीतरी तिच्या नावावरून हा आवाज यायचा. आतापर्यंत तीनदा आला होता.

तिची बॉस प्राची. मी तिला फोन केला. असली मराठी तिच्या पणजीच्या तोंडीही नव्हती म्हणे, आणि टीममधल्या दोघींनी तर धसकाच घेतला होता. पण प्राचीला भुताशी देणंघेणं नव्हतं. रुग्णांचे कागद उघडे असताना खोलीत दुसरं माणूस चालत नाही. शुक्रवारपर्यंत कारण कळलं नाही, तर सुमतीनं चेन्नईच्या ऑफिसात येऊन बसायचं, नाहीतर काम सोडायचं. सुमतीचा नवरा दुबईला, घरात म्हातारी सासू. ही चेन्नईला डोंबल जाणार!

"आवाज कुणाचा आहे?" मी सुमतीला विचारलं.

"आत्यांचा." म्हणजे सासूचा. "पण अण्णा, आत्या बोलतच नाहीत. मामंजी गेल्यापासून दिवसाला चार शब्द, तेही विचारलं तर. आणि अकराला त्या स्वैपाकघरात दगडी ग्राइंडर लावून इडलीचं वाटत असतात. मग यात ग्राइंडर कुठे ऐकू येतो?"

असं कोडं पडलं की मी वायरी बघतो.

दुसऱ्या दिवशी पावणेअकरालाच जाऊन बसलो. सुमतीचा लॅपटॉप डॉकला जोडलेला. डॉक म्हणजे एक छोटा डबा. त्यात मोठी स्क्रीन, हेडसेट, लॅनची केबल असं सगळं खोचायचं आणि तिथून एकच वायर लॅपटॉपला. रोज अकराला नेट अडखळतं, ही सुमतीची जुनी तक्रार होतीच. केबल तपासली, धडधाकट होती. राउटर इन्व्हर्टरवर, तोही ठीक.

मीटिंग सुरू झाली. सुमतीनं हेडसेटवरचं बटण दाबून म्यूट केलं. भिंतीपलीकडे ग्राइंडर घरघरला आणि त्याच क्षणी डॉकचा दिवा विझला.

मग माझी ट्यूब पेटली. दोन्ही एकाच लाइनवर. मोटर सुरू होताना व्होल्टेज पडायचं आणि डॉक मान टाकायचा. डॉकबरोबर लॅनची केबल गेली, म्हणून लॅपटॉप गुपचूप वायफायवर आला. हेडसेटही गेला, म्हणून त्यानं आपला स्वतःचा माईक उघडला. तो म्यूट नव्हता. सुमती कानाला मेलेला हेडसेट लावून नेट गेलं म्हणत बसलेली. अर्ध्या मिनिटात डॉक शुद्धीवर आला की सगळं पूर्ववत.

आणि ग्राइंडर? मीटिंगचं सॉफ्टवेअर सततची घरघर गाळून टाकतं. माणसाचा आवाज तेवढा ठेवतं.

म्हणजे पलीकडे खरंच कुणी बोलत होतं. मी उठून स्वैपाकघरात गेलो.

आत्या ग्राइंडरपाशी, भिंतीवरच्या गेलेल्या नवऱ्याच्या फोटोकडे तोंड करून उभ्या होत्या. ओठ हलत होते, पण त्या घरघरीत मला एक अक्षर कळेना. मी त्यांच्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर उभा. त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. त्यांचा हात भांड्याचा काठ चाचपत आत गेला, फिरत्या दगडापासून जेमतेम दोन बोटांवर. मी झटकन हात घालून बटण बंद केलं.

त्यांचं वाक्य अर्ध्यातच उघडं पडलं.

"...डाव्या दोळ्यानं आतां कांहीच दिसेना. सुमतीस सांगूं नका." मग त्या थबकल्या. "कोण आहे?"

सुमती माझ्या मागे दारात उभी होती. डोळ्यांना आम्ही दोळे म्हणतो, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती तिथेच खाली बसली आणि रडली.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डावा गेला तो गेला. उजवा अर्धा उरलाय, रोज थेंब घातले तर टिकेल. चार महिने आधी का आणलं नाही, म्हणून त्यांनी सुमतीला चांगलंच सुनावलं.

डॉक मी यूपीएसवर टाकला. प्राचीला लेखी कळवलं की दोष वीजपुरवठ्याचा होता, काढला आहे. सुमतीच्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं. सुमतीचं घरचं काम टिकलं. आवाज पुन्हा आला नाही.

आता शिकवण. म्यूट करायचं तर मीटिंगच्या खिडकीत करा, हेडसेटच्या बटणावर विसंबू नका. आणि घरातलं माणूस बोलतच नाही असं म्हणण्याआधी एकदा ग्राइंडर बंद करून बघा.