वास घेणाऱ्या सिस्टरबाई

सिस्टरबाई दारात थांबल्या की आमच्या गावातली माणसं बोलायची बंद व्हायची. निलंग्याजवळच्या आमच्या गावात त्या लसीकरणाला यायच्या. उंच, सावळ्या, बोलणं तुटक. उंबऱ्याशी उभ्या राहून मान जराशी वर करायच्या, नाकपुड्या हलायच्या, मगच आत पाऊल टाकायच्या. त्यांनी ज्या घरात दोनदा वास घेतला, त्या घरातलं कुणीतरी आठवडाभरात लातूरच्या दवाखान्यात जातं, अशी बोलवा होती. त्या दिसल्या की बायका लेकरांच्या तोंडावर पदर धरायच्या. "तिला मरण आधी कळतंय," म्हणायच्या.

माझे थोरले चुलते तात्या. गोठ्यामागे ते जिथं लघवीला बसायचे, तिथं काळ्या मुंग्यांची रांग लागायची. सिस्टरबाई एकदा ती रांग वाकून बराच वेळ बघत राहिल्या. मग ओसरीवर येऊन म्हणाल्या, "तात्या, तुमच्या अंगातली साखर मुंग्यांना कळाली. तुमाला कधी कळायची? रक्त तपासा." तात्या चिडले. जन्मभर शेतात राबणाऱ्याला साखरेचा आजार कसा होईल? पण त्या रांगेनं ते मनातून हादरले होते. तपासलं तर साखर फारच वाढलेली. गोळ्या, मोजून भाकरी, रोजचं चालणं सुरू झालं. तात्या अजून धडधाकट आहेत. गोठ्यामागे जाताना मात्र खाली बघत जातात.

मी नऊ वर्षांची असताना मला तहान लागायला लागली. तांब्यावर तांब्या प्यायचे तरी जीभ कोरडीच. अंथरूण ओलं व्हायचं, फ्रॉक खांद्यावरून घसरायचा. पुढं उलट्या सुरू झाल्या, तेव्हा शेजारणींनी बाहेरचं काहीतरी लागलंय असं ठरवलं. देवणीकडून एक जाणता आणला. त्यानं लिंबू उतरवलं, ऊद जाळला. मी खोल, भराभर श्वास घेत होते आणि तो श्वास मला माझा वाटत नव्हता. दुसरंच कुणीतरी माझ्या छातीतून श्वास घेतंय, असं वाटत होतं.

भर दुपारी सिस्टरबाई आल्या. धुरातून सरळ माझ्याजवळ येऊन वाकल्या आणि माझ्या तोंडाशी नाक नेलं. मग त्यांनी जाणत्याला बाजूला सारलं.

"सडक्या फळाचा वास यायलाय. हे बाहेरचं न्हाई, साखर हाय. जीप काढा!"

"एवढ्या लहान लेकराला?" आई म्हणाली.

"लेकरांना बी व्हतंय. गोड खाल्ल्यानं न्हाई, कुणाच्या नजरेनं न्हाई. आत्ता इन्सुलिन मिळालं न्हाई तर पोर हाती लागायची न्हाई."

लातूर येईपर्यंत मी बेशुद्ध झाले होते. वाचले.

घरी परत आल्यावर आई सुई हातात घेऊन रडायची. तात्यांसारख्या गोळ्या चालणार नाहीत का, विचारायची. सिस्टरबाईंनी आधी स्वतःच्या पोटात नुसती सुई टोचून दाखवली. "तात्याच्या अंगात इन्सुलिन हाय, पण ते नीट काम करंना. हिच्या अंगात ते बनतच न्हाई. एक दिवस बी चुकवायचं न्हाई." आमच्याकडे फ्रीज नव्हता. त्यांनी ओल्या वाळूत मडकं बसवून त्यात औषधाचा डबा ठेवायला शिकवलं.

इन्सुलिननं कधी साखर फारच खाली जाते, म्हणून मला त्यांनी एकच धडा पाठ करून घेतला होता : "जग परकं वाटायला लागलं की आधी साखर खा, मग घाबर." तो प्रसंग शाळेत आला. वर्गात बसले असताना अचानक घाम फुटला, हात कापायला लागले, आणि सगळ्या मैत्रिणींचे चेहरे एकसारखे झाले. तोच एक चेहरा चाळीस जागी बसून माझ्याकडे बघत होता. मी खिशातली साखर तोंडात टाकली. थोड्या वेळानं चेहरे एकेक करून आपापल्या जागी परतले.

मला मुलगी झाली, तेव्हा सिस्टरबाई निवृत्त झाल्या होत्या. माझ्या सासरी, औशाला, त्या बाळ बघायला आल्या. पाळण्यावर वाकल्या तशी त्यांची ख्याती ऐकून असलेली माझी सासू जागीच थिजली. "दुधाचा वास हाय," सिस्टरबाई हसून म्हणाल्या. सासूनं लगेच चहा टाकला.

मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेले. तिथं त्या हळूच म्हणाल्या, "मला आता कसलाच वास येत न्हाई गं. मागच्या तापात नाक गेलं."

"मग मघाशी?"

"तुझी सासू भ्याली व्हती. तू पोरीची तहान बघ, लघवी बघ, वजन बघ. शंका आली की रक्त तपास."

इतक्या वर्षांत न विचारलेलं मी तेव्हा विचारलं. तो फळाचा वास त्यांना कुणी शिकवला?

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. "माझी एक पोर व्हती. सहा वर्षांची. मी तवा नर्स नव्हते. लई पाणी प्यायची. एक दिवस तिच्या तोंडाला गोड वास यायला लागला. मला वाटलं, कुणीतरी पेरू दिला. दुपारभर तिला मांडीवर घेऊन हुंगत बसले." त्यांनी पिशवी उचलली. "लई आवडला मला तो वास."

बस लागली. त्या खिडकीशी बसल्या. बस हलली तेव्हा मी खालून ओरडून विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

त्यांचे ओठ हललेले मला दिसले. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. पुढच्याच महिन्यात सिस्टरबाई गेल्या, आणि ते नाव सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.