धरणात घातलेले पंचवीस हजार

शाहूपुरीत शाळेचे गणवेश शिवायचे म्हटले की रुद्राणीअक्काचंच नाव निघायचं. नवरा लवकर गेला, पदरात दोन मुली. तिनं पतसंस्थेचं कर्ज काढून दोन शिलाई मशीन घेतल्या आणि त्यांच्याच कमाईतून दोन वर्षांत सगळं फेडलं. तेव्हापासून कर्जाबद्दल तिचं मत पक्कं होतं. थोरलीच्या लग्नात मोठ्या मांडवासाठी पैसे उचल, असं भावकीनं सुचवलं, तेव्हा तिनं दारातच सांगितलं, "मशीनला कर्ज काढीन. जेवणावळीला न्हाय काढायची." लग्न साधंच झालं. कुणाचं काही अडलं नाही.

१९९६ साली तिचा धाकटा भाऊ शशिधर एक फॉर्म घेऊन आला. तो बँकेत कारकून होता. सरकार धरणांसाठी लोकांकडून कर्ज घेतंय, दर सहा महिन्यांनी व्याज आणि सात वर्षांनी मुद्दल परत, असं त्यानं सांगितलं. अक्काला खरंच वाटेना. नोटा छापणाऱ्या सरकारनं शिलाई करणाऱ्या बाईकडं हात पसरावा? तिनं कात्री खाली ठेवून उलटतपासणी सुरू केली. ह्यातून पगार भागवणार काय? सभा-सत्कार करणार काय? शशिधर म्हणाला, न्हाय, हा पैसा भिंतीत आणि कालव्यातच जायचा.

"मग कराच्या पैशातनं का बांधत न्हाईत?"

"अक्का, धरण शंभर वर्षं चालणार. त्याचं सगळं ओझं आत्ताच्याच माणसांनी का उचलायचं? नातवंडं पाणी घेणार, तर थोडा हप्ता त्यांनीबी भरू दे की."

जी मुलं अजून जन्मालाही आली नाहीत, त्यांचं पाणी आज अडवायचं, ह्या विचारानं अक्काच्या अंगावर काटा आला. शिलाईचं दुकान वाढवायला साठवलेले पंचवीस हजार तिनं देऊन टाकले. शेजारच्या अंबूबाईनं मनसोक्त हसून घेतलं.

व्याज येत राहिलं. पण भाऊ आला की अक्का एवढंच विचारायची, की आपल्या भागातल्या धरणाची भिंत कुठवर आली. काम रखडल्याचं पेपरात आलं की तिला जेवण जायचं नाही. व्याज वेळेवर मिळतंय, मग तुला काय झालं, असं शशिधर म्हणायचा. तिचं उत्तर ठरलेलं होतं. मशीन आणून नुसतीच झाकून ठेवली, तर हप्ता कशातनं भरायचा? मग सरकार ते व्याज आपल्याच खिशातनं काढणार की!

शेवटी एकदा त्यानं तिला एसटीनं धरणावर नेलं. रंकाळा तळ्याच्या बांधासारखं काहीतरी असेल, अशी तिची समजूत. वळण संपलं आणि ती जागीच उभी राहिली. दोन डोंगरांच्या मधली अख्खी खिंड माणसांनी बुजवत आणली होती. भिंतीवरचे डंपर मुंग्यांएवढे दिसत होते. एवढ्या मोठ्या कामात आपले पंचवीस हजार म्हणजे चार पाट्या माती, असं तिला वाटलं, आणि त्याचं वाईट न वाटता ऊर भरून आला. किती घरांतून किती पाट्या आल्या असतील?

खाली बुडणाऱ्या गावातली माणसं आपल्या घरांची कौलं उतरवून ट्रकात भरत होती. "आपुन पैसं दिलं शशी," अक्का म्हणाली, "ह्यांनी घर दिलं."

२००३ साली मुद्दल परत आलं. पुढच्या उन्हाळ्यात कालव्याला पाणी सुटलं, तेव्हा अक्का एकटीच बघायला गेली. कडेच्या रानात कृष्णात नावाचा शेतकरी मक्याला पाणी पाजत होता. पावणं कुठलं, म्हणून त्यानं चौकशी केली आणि आपण होऊनच सांगू लागला, की ह्या माळावर आजवर उन्हाळ्यात कुसळंसुद्धा तग धरत नव्हती. आपण कोण, हे अक्कानं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "पाणीपट्टी भरता न्हवं?"

"भरतो की," कृष्णात म्हणाला. "पीक हाय म्हटल्यावर भरायला काय?"

अक्कानं चपला काढल्या आणि काठावर बसून पाय पाण्यात सोडले. कुठल्या कुठल्या डोंगरावरचा पाऊस चैत्राच्या उन्हात तिच्या घोट्यांवरून वाहत होता. एसटीची वेळ झाली तरी ती उठेना. शेवटी कृष्णातच तिला सांगायला आला.