सर्व्हर हिरवे, भाव कालचे

मंडळी, आज डोकं आउट झालंय.

मी वाशीच्या एपीएमसीत कांदा व्यापाऱ्याच्या गाळ्यावर कॉम्प्युटर सांभाळते. बाहेरच्या बाजारांचे भाव आम्ही प्रॉक्सी सर्व्हरमधून, म्हणजे मध्यस्थ कॉम्प्युटरांमधून, घेतो. त्यातले कुठले चालू आहेत ते रोज सकाळी एक टूल तपासतं. चालू असेल तो हिरवा.

आज सगळे हिरवे होते, पण भाव कालचेच देत होते. शेठनी त्यावर सौदा केला आणि फसले.

"शेठ, हिरवा म्हणजे सर्व्हर फक्त चालू आहे. भाव खराच देईल असं नाही."

त्यांनी रागाने गोणीतला कांदा उचलला, त्याची मान दाबून पाहिली, मऊ लागली तसा फेकला. "वरून चांगला, आतून सडका!"

"तेच सांगतेय, शेठ!"

"ते काय नको. उद्या सगळे हिरवे पाहिजेत."

यांना कसं समजावू, सांगा ना कोणीतरी?