गायकवाड सिस्टरचं ‘आधी माझं’

घोडबंदर रोडवर बस अडकलेली आणि मी गायकवाड सिस्टरना मेसेजवर मेसेज टाकत होते. त्यांचा वीकली ऑफ होता, तरी टाकत होते. ट्रॅफिकचा फोटो, मग ‘सिस्टर आज पण लेट’, मग रडणारी इमोजी, मग ‘तुमच्या गुडघ्याचं काय झालं?’ चारही मेसेजना एकच टिक. मला वाटलं, झोपल्या असतील, ऑफ आहे ना. तेवढ्यात वॉर्डच्या ग्रुपवर आलं... पहाटे कोपरीच्या घरीच अटॅक आला, हॉस्पिटलला न्यायच्या आधीच गेल्या. मी ते तीन वेळा वाचलं. त्या चार मेसेजना अजूनही एकच टिक आहे.

गायकवाड सिस्टर म्हणजे आमच्या लेडीज वॉर्डच्या इनचार्ज. मी तिथलीच नर्स, दिव्याहून येते. आमच्याकडे पाणी आलं तर आलं. पहिल्याच आठवड्यात एकदा बिनआंघोळीची आलेले, केसांना नुसतं पाणी लावून. त्यांनी वरून खालपर्यंत बघितलं आणि कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाल्या, “पूर्वा, माझं घर स्टेशनला लागून आहे. टँकर नाही आला की सरळ यायचं. गिझर लावून ठेवते.” नंतर कळलं, वॉर्डातल्या निम्म्या पोरी तिथे आंघोळ करून ड्यूटीवर आलेल्या आहेत. माझ्या टायपिंगवर त्यांचा एक ठरलेला डायलॉग होता, “अगं, टाइप करतेस की कोथिंबीर चिरतेस?”

पण मला सांगायचंय ते दुसरंच.

आमच्याकडे दुपारी दोनला ड्यूटी बदलते. सकाळवाल्या पोरी दुपारवाल्यांना एकेक पेशंट समजावून देतात, त्याला हँडओव्हर म्हणतात. हे सगळीकडेच असतं. आमच्या वॉर्डात मात्र त्याच्या आधी पाच मिनिटं सगळ्यांनी मागच्या पँट्रीत जमायचं. तिथे एक निळं प्लास्टिकचं स्टूल आहे. गुडघा दुखायचा म्हणून गायकवाड सिस्टर त्याच्यावर बसायच्या, बाकी आम्ही उभ्या. बसल्या की मांडीवर थाप मारून म्हणायच्या, “आधी माझं.” आणि त्या दिवशीची स्वतःची चूक सांगायच्या. “बारा नंबरच्या आजींना बीपीची गोळी पाऊण तास उशिरा दिली. डॉक्टरांना सांगितलंय. चला, पुढचं कोण?” मग एकेक जण बोलायची. कोणी ओरडायचं नाही, हसायचं नाही आणि पँट्रीतलं कँटीनमध्ये न्यायचं नाही. मला पहिल्यांदा वाटलेलं, हे काय भलतंच! आमच्या कॉलेजात चूक झाली की ती दुसरीच्या नावावर कशी जाईल एवढंच बघायचे.

तिसऱ्या आठवड्यात माझी पाळी आली. सहा नंबरला पाटील आजी, नऊ नंबरला पाटील काकू. दोघींचं रक्त मी घाईघाईत घेतलं आणि ट्यूबवर स्टिकर लावले, आजींचा काकूंना, काकूंचा आजींना. लक्षात कधी आलं, तर जेवताना, घास तोंडात असताना. ट्यूब तोपर्यंत लॅबला गेलेल्या. मी बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. खरं सांगते, डोक्यात एकच होतं, बॅग उचलायची, दिवा गाठायचं आणि परत इकडे तोंड दाखवायचं नाही. कोणाला कळणारही नव्हतं... निदान रिपोर्ट येईपर्यंत. पण दोन वाजले, हाक आली आणि मी जाऊन उभी राहिले. सिस्टर म्हणाल्या, “आधी माझं. आज मी आठ नंबरच्या मुलीवर चिडले. भेटायची वेळ संपल्यावर आलेली बिचारी. जाऊन सॉरी म्हटलंय.” आणि माझ्या तोंडून एकदम सगळं बाहेर पडलं. पाटील, पाटील, स्टिकर, रडणं, सगळं एका दमात.

सिस्टर उठल्या. पहिला फोन लॅबला, “रिपोर्ट थांबवा.” दुसरा डॉक्टरांना. मग मला म्हणाल्या, “नाक पूस. चल.” दोन्ही पाटलीणबाईंकडे त्या माझ्यासोबत आल्या. सॉरी मात्र मलाच म्हणायला लावलं. पाटील आजी म्हणाल्या, “दुसऱ्यांदा टोचतेस तर निदान हसून टोच गं बाय.” नंतर चूक लिहून द्यायचा फॉर्म समोर ठेवला. “लिही. आणि खाली माझं पण नाव लिही. वॉर्ड माझा आहे.”

तो फॉर्म किती महाग पडतो ते मला तेव्हा माहीत नव्हतं. आमच्याकडे दर महिन्याला एका वॉर्डच्या इनचार्जचा फोटो लॉबीत लागतो. ज्या वॉर्डातून चुकांचे फॉर्म सगळ्यात कमी, त्याचा नंबर. आमच्या वॉर्डातून सगळ्यात जास्त फॉर्म जायचे. त्यामुळे सिस्टरचा फोटो कधीच लागला नाही, वर मीटिंगमध्ये बोलणी खायला लागायची ती वेगळीच. मी एकदा विचारलं, वाईट नाही वाटत? म्हणाल्या, “फोटोत मी जाडी दिसते.” मग म्हणाल्या, “ज्या वॉर्डात एकही चूक होत नाही ना पूर्वा, तिथे मला ॲडमिट करू नकोस.”

त्या गेल्यावर हॉस्पिटलने त्यांना खास सन्मान द्यायचं ठरवलं. मजकूर मी लिहायचा, कारण मी फास्ट टाइप करते. मी पानभर लिहिलं, पँट्री, स्टूल, पाटील, फॉर्म. एचआरची मुलगी, चांगली आहे ती, म्हणाली, “यार, किती मस्त! पण चुका-बिका काढूया ना. लॉबीत लागणार आहे.” मी म्हटलं, चुका काढल्या तर सिस्टर कुठे राहतात त्याच्यात? ती म्हणाली, बघते. कार्यक्रमाच्या दिवशी फ्रेमवरचा कपडा काढला, तर फोटोखाली एकच ओळ, ‘निर्दोष सेवेबद्दल’. सिस्टरची मुलगी माझ्या बाजूला उभी होती. तिने वाचलं आणि चक्क हसली. डोळ्यांत पाणी आणि हसतेय. “निर्दोष? अगं, आईची एक पोळी करपली तरी शेजारणीला सांगून यायची.” मग माझा हात धरून म्हणाली, “तू लिहिलेलं मला पाठव.” तिला पाठवलं. आणि तिला विचारूनच इथे पण लिहितेय.

त्या गेल्यापासून पँट्रीत कोणी जमतच नव्हतं. दोन वाजले की आम्ही सरळ पेशंटकडे. स्टूल तसंच होतं, बसणं लांब, कोणी ते सरकवतही नव्हतं. मागच्या आठवड्यात पाणी प्यायला गेले तर टिटवाळ्याची नवीन मुलगी बेसिनजवळ उभी. नळ चालू, हात कोरडे. ते डोळे मी ओळखते, बाथरूमच्या आरशात बघितलेले आहेत. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, “काही नाही, ताई.” दोनला पाच मिनिटं कमी होती. मी बाहेर जाऊन सगळ्यांना आत बोलावलं. मग स्टूल ओढलं आणि बसले. गुडघे माझे ठणठणीत आहेत. मांडीवर थाप मारली.

“आधी माझं,” मी म्हटलं. “चार नंबरच्या काकूंचं सकाळचं ड्रेसिंग राहिलं. बाराला केलं. डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही, आता सांगते.”

बेसिनजवळून आवाज आला, “ताई, माझं पण आहे...”

त्या दिवशी आमच्या वॉर्डातून दोन फॉर्म गेले. म्हणजे या महिन्यात पण फोटो आमचा नाही.