अक्षतांनी अडलेली एलएमजी

आमची कंपनी तेव्हा कुपवाड्याच्या वरच्या अंगाला तैनात होती. मी हवालदार, सेक्शन कमांडर. माझ्या सेक्शनकडे दहा किलोची एक जुनी एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, होती आणि कंपनीत तिचा मान आम्हा दहा जणांपेक्षा मोठा होता. एकाहत्तरच्या लढाईत तिने एक पूल राखला, असं सांगत. तो पूल राखणाऱ्या जवानांपैकी एकाचंही नाव कुणाला सांगता येत नसे. गनचा नंबर मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

हत्यारांच्या बाबतीत लोकांची अक्कल अशीच चालते. साराजेव्होतल्या एका पिस्तुलाने पहिलं महायुद्ध सुरू केलं म्हणतात. जणू ते कपाटातून स्वतः उठून गेलं होतं. दिल्लीत प्रार्थनेला निघालेल्या एका निःशस्त्र म्हाताऱ्यावर तीन गोळ्या झाडणारं पिस्तूल इटलीचं होतं, हे चवीने सांगणारे आणि मग त्याच्या कॅलिबरवर वाद घालणारे लोक मी पाहिले आहेत. लोखंडाला ना शौर्य असतं, ना पाप. त्याला तेल लागतं, चिंदी लागते आणि वेळेवर पुसणारा माणूस लागतो.

आमचा एलएमजी गनर होता लान्स नायक सुपडू महाजन, एरंडोलजवळचा. मी जळगावजवळच्या पिंप्राळ्याचा, म्हणून आम्हा दोघांचं बोलणं घरचं.

खंडे नवमीला पोस्टवर शस्त्रपूजा झाली. सुभेदार साहेबांनी ती गन मधोमध, लाल कापडावर ठेवायला लावली. या एलएमजीचं मॅगझिन वरून बसतं, त्यामुळे मॅगझिन काढलं की वर तोंड उघडं राहतं. त्यावर सरकवायचं झाकण असतं.

"सुपडू, झाकण लाव," मी म्हणालो.

"राहू दे ना भाऊ. आज बाई नटेल शे."

नटलेल्या बाईचं तोंड कोण झाकणार, सगळे हसले आणि झाकण तसंच राहिलं. हळद-कुंकू झालं, नारळ फुटला. प्रत्येकाने मूठभर अक्षता वाहिल्या.

पूजा आटोपल्यावर मी सुभेदार साहेबांकडे गेलो. "साहेब, गन खोलून पुसून घेऊ?"

"पूजेत बसलेलं हत्यार आज उघडत नाहीत. उद्या सकाळी. तुमच्या जळगावला रीत नाही का?"

"आहे साहेब. पण तिकडे पूजेत पाना-पकड असते. समोरून कुणी गोळी झाडत नाही."

"हवालदार, जास्त बोलतोस."

"जी साहेब."

दुपार कलताना निरोप आला. खालच्या नाल्यापलीकडे अक्रोडाच्या बागेत दोन हत्यारबंद माणसं दिसली होती. दुसऱ्या सेक्शनचे चार जण नाला ओलांडून जाणार होते. आम्ही वरच्या बांधावरून कव्हर फायर द्यायचा. सुपडूने लाल कापडावरची गन उचलली, बाहेरची फुलं झटकली, मॅगझिन चढवलं आणि आम्ही निघालो.

चौघे नाल्याच्या मधोमध आले तेव्हा बागेतून फायर आला. लपायला पोटरीएवढे दगड. सुपडूने एक बर्स्ट मारला. दुसरा निघाला नाही.

त्याने कॉक केलं. ट्रिगर दाबला. काही नाही.

वायरलेस सेटवर नाल्यातून आवाज आला. "डेल्टा वन, कव्हर फायर का थांबला? ओव्हर."

"गन स्टॉपेज. वेट. ओव्हर."

"वेट कसला! आम्ही उघड्यावर आहोत. ओव्हर."

बाकीच्या रायफलींनी आम्ही फायर चालू ठेवला, पण एलएमजीची जागा रायफल भरून काढत नाही. सुपडूने मॅगझिन उतरवलं. आत काय अडकलंय ते बघायचं तर वरून वाकून बघावं लागतं आणि वरून बघायचं तर डोकं बांधाच्या वर काढावं लागतं. मीही त्याच्याकडे सरकत होतो. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "भाऊ, तू डोकं खाले ठेव."

त्याने आत बोट घातलं, दोनदा कोरून काढलं, मॅगझिन चढवलं. गन चालू झाली. चौघे धावत नाल्याच्या काठाखाली पोचले. मॅगझिन संपलं तेव्हा मी दुसरं पुढे केलं. ते घ्यायला हात आला नाही. गोळी हेल्मेटच्या कडेखालून गेली होती. कधी लागली, ते मला आजही सांगता येत नाही.

हत्यारं दुरुस्त करणाऱ्या आर्मररने गन खोलली. आत तेलात मळलेलं कुंकू आणि तांदळाचे अर्धवट चुरडलेले दाणे. सुभेदार साहेब बघत होते. म्हणाले, "गनला दोष देऊ नका." कुणीही दिला नव्हता. पुढच्या खंडे नवमीला ती गन पुन्हा मधोमध होती. आता तिच्या नावावर आणखी एक लढाई चढली होती.

गेल्या वर्षी जळगावात मेहरूणला एका हॉलमध्ये इतिहासातल्या प्रसिद्ध शस्त्रांचं प्रदर्शन भरलं. सगळ्या प्रतिकृती. दिल्लीच्या पिस्तुलाची प्रतिकृती हातात घेऊन लोक फोटो काढत होते. लाज कुणालाच नव्हती. प्लॉटांचा धंदा करणारे आयोजक मला माईकजवळ ओढत म्हणाले, "भाऊ, तुम्ही फौजी. सांगा पब्लिकला, जगातलं सगळ्यात खतरनाक हत्यार कोणतं?"

"न पुसलेलं."

"काय भाऊ, मजाक करता!" त्यांनी माईक परत घेतला. मी बाहेर आलो, स्कूटर काढली आणि घरी न जाता एरंडोलच्या रस्त्याला लागलो.

सुपडूच्या बायकोला मी वहिनी म्हणतो. दोन मुलं तिने एकटीने वाढवली. थोरली नर्स आहे. इतक्या वर्षांत वहिनीने मला त्या दिवसाबद्दल कधी विचारलं नव्हतं. या वेळी चहा पुढे ठेवून तिने सुपडूबद्दल विचारलं, "भाऊ, त्या शेवटलं काही बोलनात का?"

डोकं खाली ठेवायचं त्याचं वाक्य मी जसंच्या तसं सांगितलं.

तिने चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "दुसऱ्याले बरं सांगता ये त्यासले."