धुऊन परत केलेला डबा

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं टाळली. बायकोलाही अर्धीच सांगितली होती. पण काल कुंभारीहून आल्यापासून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेबनीस होतो. काम सोडणाऱ्याच्या कागदावर ‘फुल अँड फायनल’ असं छापलेलं असे. सही घेताना मी अर्थ सांगायचो, “आता कुणाचं कुणाकडे काही राहिलं नाही.” फार रुबाबदार वाटायचं ते.

शुक्रवार पेठेत आमच्या भिंतीला भिंत लागून एक टेम्पोवाला राहायचा. ईदला त्याच्याकडून डबाभर शीरखुर्मा यायचा, तोच डबा आमच्या चकल्या-करंज्या घेऊन परत जायचा. डबा रिकामा परत करायचा नाही, ही दोन्ही घरांची रीत. काही नसलं तर चिमूटभर साखर.

एका ईदच्या आदल्या दिवशी त्याच्या टेम्पोनं माझी नवी स्कूटर चेपली. त्यानं माफी मागितली, दुरुस्तीचे पैसे दिले, दुसऱ्या दिवशी डबाही पाठवला. शीरखुर्मा मी खाल्ला. मग डबा स्वतः घासून रिकामाच त्याच्या दारात नेला. “फुल अँड फायनल,” म्हणालो. त्यानं झाकण उघडून आत पाहिलं. “बरं,” एवढंच बोलला.

त्यानंतर डबा आला नाही. पुढं ते शहराबाहेर कुंभारीला राहायला गेले.

परवा मंडईत त्याची बायको भेटली. “भाईसाब, घरी या की एकदा!” बस्स! काल बायकोकडून शेंगदाण्याच्या पोळ्या करून घेतल्या, नवा डबा गच्च भरला नि रिक्षा केली. डबा मांडीवर, छातीत धडधड. मुलगी बघायला निघालो होतो तेव्हाही एवढी नव्हती. बोलायचं वाक्य वाटभर घोकलं.

“आवो क्लार्कसाहेब!” तो खाटेवरूनच ओरडला. “फायनल झालं होतं की! परत कसं काय आला वो?”

“भाई, मला जरा बोलायचंय...”

“आदी पाणी प्या. लई म्हातारे झाला की!”

“त्या दिवशी मी...”

“स्कूटर हाय का, भंगारात घातली?”

हसता हसता त्याला ठसका लागला. मीही पोट धरून हसलो. पोळ्या संपल्या, चहा झाला, पुन्हा चहा झाला. निघताना त्यानं डबा माझ्या हातात दिला. जड होता.

“रिकामा न्हाय, बघून घ्या.”

रिक्षा सुरू झाल्यावर मी मान बाहेर काढून घोकलेलं वाक्य ओरडलो. तो दारात येऊन कानामागं हात धरून विचारत होता, “काय म्हणलात?” तोवर वळण आलं.

भाई, त्या ईदला डबा रिकामा दिला. चुकलं माझं.