शेवट दुरुस्त करणारी बाई

सान हासिंतो गावात बाईमाणसाने काय करावं, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. पहाटे उठून गवताच्या बारीक विणीच्या टोप्या कराव्यात, नवऱ्यासाठी हिरवी केळी भाजून कुटावीत, टोप्या डॉन ओनोफ्रे पिको यांच्या दुकानात नेऊन ते देतील तो भाव घ्यावा आणि संध्याकाळी चर्चमध्ये जाऊन या सगळ्याबद्दल देवाचे आभार मानावेत. पुरुषांचंही काम ठरलेलं होतं. ही व्यवस्था नीट चालली आहे ना, यावर लक्ष ठेवायचं. हे काम बसून करता येत असल्यामुळे त्यात कुणी कसूर करत नसे.

अशा गावात दिओसेलिना आंचुंदियाची बोटं संधिवाताने आखडली. टोपी विणता न येणारी बाई म्हणजे नक्की काय, हे गावाला ठरवता येईना. तिने मग वाट पाहिली नाही. ग्वायाकिल बंदरात शिवणकाम करणारी तिची मावशी वारली होती आणि मागे कादंबऱ्यांनी भरलेली एक पेटी ठेवून गेली होती. दिओसेलिनाने चौकातल्या बदामाच्या झाडाला दोरी बांधली, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पुस्तकं टांगली, खाली एक बाक ठेवला आणि ती भाड्याने वाचायला द्यायला सुरुवात केली.

"मी बायकोला धंदा करू देतो," असं तिचा नवरा सेनेन अंगणात टांगलेल्या दोरीच्या झोळीत पडल्या पडल्या अभिमानाने सांगायचा. घरातली चूल त्याच धंद्यावर पेटते, हे सांगायचं मात्र त्याच्या लक्षात राहत नसे.

पुस्तकं सगळी एका वळणाची होती. मुखपृष्ठावर एक मूर्च्छित तरुणी आणि तिला सावरणारा मिशीवाला. आत मात्र या तरुण्या शुद्धीवर असत आणि बऱ्याच उद्योगी असत. कुणी खाण चालवायची, कुणी डाकूंना गुंगारा द्यायची, कुणी बापाचं बुडालेलं कर्ज फेडायची. शेवटच्या प्रकरणात मात्र प्रत्येकीला अचानक अशक्तपणा यायचा, ती मिशीवाल्याच्या छातीवर डोकं टेकायची आणि पुढे आयुष्यभर भरतकाम करायची.

या शेवटांना पहिला आक्षेप वाळवीने घेतला. पेटी ओलीत राहिली होती, आणि वाळवीने पुस्तकं मागच्या बाजूने खायला सुरुवात केली. गिऱ्हाइकं चिडली. उबाल्दिना मेरो ही गावातली सगळ्यात कसबी विणकरीण. तिच्या अंगणात बायका लाकडी ठोकळ्यांवर छाती टेकवून वाकून विणत बसायच्या आणि तिची भाची त्यांना वाचून दाखवायची.

उबाल्दिना तणतणत आली. "अगं, पोरगी घोड्यावर बसली आणि पुस्तक संपलं. गेली कुठे ती?"

"मला काय ठाऊक?"

"पुस्तकं तुझी आणि तुला ठाऊक नाही? मग पैसे परत दे."

पैसे परत देण्यापेक्षा पोरगी कुठे गेली ते शोधणं स्वस्त पडणार होतं. दिओसेलिनाने तपकिरी कागदावर आखडल्या बोटांनी शेवट लिहिला आणि युका कंदाच्या पिठाची खळ करून पुस्तकाला चिकटवला. तिच्या शेवटात पोरगी घोड्यावरून थेट घरी गेली, कारण गाईंची धार काढायची वेळ झाली होती. मिशीवाला आला तेव्हा तिने त्याला बादली धरायला सांगितली. त्याला धरता आली, म्हणून तिने त्याला ठेवून घेतलं.

उबाल्दिनाच्या अंगणात त्या दिवशी विणकाम जवळजवळ बंदच पडलं.

काही महिन्यांत वाळवीने खाल्लेली पुस्तकं संपली. तेव्हा वाळवीचं काम दिओसेलिना स्वतः करू लागली. शेवटचं प्रकरण ती अगदी हळुवारपणे फाडायची, चुलीत घालायची आणि नवं चिकटवायची. नायिका बेकरी काढत, बहिणींना घेऊन वेगळ्या राहत, लग्न करत तर आपल्या अटींवर. मिशीवाल्यांची थोडी हेळसांड व्हायची, हे खरं आहे.

"तू त्यांना सारखी बुडवतेस," सेनेन एकदा झोळीतून म्हणाला. वाचता येत असूनही त्याने कधी पुस्तक हातात धरलं नव्हतं, निदान कुणी बघत असताना तरी. "मागच्या चारही गोष्टींत नवरा बोटीतून पडला. माणसं विचारतात मला."

"काय विचारतात?"

"पोहता येतं का म्हणून."

पुढच्या गोष्टीत तिने नवऱ्याचा नुसता पाय मोडून ठेवला. संसार म्हटला की थोडं पडतं घ्यावं लागतं.

बिंग फुटलं ते डॉन ओनोफ्रेंमुळे. टोप्यांचे एकमेव व्यापारी आणि नगर परिषदेचे अध्यक्ष असल्यामुळे गावाचं नैतिक आरोग्य त्यांच्याकडेच होतं. ते ग्वायाकिलला गेले असताना बायकोच्या नामदिनासाठी, म्हणजे तिच्या नावाच्या संताच्या सणासाठी, त्यांनी एक कादंबरी आणली. बायकोने आयुष्यात प्रार्थनेशिवाय काही वाचलेलं नाही, अशी त्यांची खात्री होती. जेवताना बायकोने, म्हणजे डोन्या पेर्पेतुआंनी, पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं आणि ते माशाच्या रश्श्याशेजारी मिटून ठेवलं.

"ही प्रत नकली आहे," त्या म्हणाल्या. "लिओनोर लग्न करून घरी बसत नाही. ती जहाज स्वतःच चालवते."

"तुला कसं ठाऊक?"

यावर डोन्या पेर्पेतुआंनी आणखी भात वाढून घेतला. मोलकरणीला पुस्तकं आणायला चौकात कोण पाठवतं, हे डॉन ओनोफ्रे सोडून सगळ्या गावाला माहीत होतं. मोलकरणीने हा संवाद दुसऱ्या दिवशी झाडाखाली जसाच्या तसा ऐकवला, तेव्हा दिओसेलिनाने हातातली खळ बाजूला ठेवली. मिशीवाल्यांबद्दल तिला काही वाटत नव्हतं. पण दाम घेऊन दुसराच माल दिला, असं कुणी म्हणालं तर ते तिला खोटं म्हणता येणार नव्हतं.

नेमकं तेच म्हणण्यात आलं. परिषदेच्या सभागृहात तिच्यावर फसवणुकीचा आरोप ठेवला गेला, आणि फसवल्या गेलेल्या म्हणून विणकरणींना साक्षीला बोलावलं. डॉन ओनोफ्रेंनी आधी तिचा शेवट वाचला, जाणूनबुजून सपाट आवाजात. दिओसेलिना हात एप्रनमध्ये गुंडाळून उभी होती. आपलं लिहिलेलं परक्या पुरुषाच्या तोंडून ऐकताना तिला गुन्ह्याची नाही, एका लांबलेल्या वाक्याची लाज वाटली. ते दोन करायला हवं होतं.

मग त्यांनी अस्सल शेवट वाचला, हा मात्र रसाळपणे. "'आणि लिओनोरने सुकाणू रोद्रिगोच्या हाती दिलं आणि लाजत म्हणाली, यापुढे तुमची बैठकीची खोली हाच माझा समुद्र.'"



"हा रोद्रिगो," उबाल्दिनाने सावकाश विचारलं, "तोच ना, ज्याला सुरुवातीला बोट लागते? ओकून ओकून हैराण होतो तो?"

डॉन ओनोफ्रेंना सुरुवातीची पानं चाळावी लागली. "असेल."

"आणि जहाज त्याच्या हातात दिलं?"

"प्रेमापोटी."

"वर माणसं बसलीयेत ना जहाजात?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग ते आवरेना. एका म्हातारीने, लिहिणाऱ्याला त्या आठवड्यात ताप असणार, असं मत दिलं. आमची फसवणूक झाली असेल तर ती छापखान्याने केली आहे, असं बायकांनी एकमुखाने सांगितलं.

फसवला गेलेला माणूसच मिळेना, म्हणून परिषदेने शहाणपणाचा तोडगा काढला. दिओसेलिनाने दुरुस्त केलेल्या प्रत्येक पुस्तकावर 'शेवट अस्सल नाही' असा शिक्का मारायचा. चिटणीस दर शनिवारी शिक्का आणि शाई घेऊन झाडाखाली येऊ लागला. मुखपृष्ठावरच्या मिशीवाल्याच्या कपाळावर शिक्का नीट बसायचा. त्यामुळे निवड करणं फार सोपं झालं. बिनशिक्क्याचं पुस्तक कुणी हातात घेईना. नैतिक आरोग्यासाठी परिषदेने केलेला हा खर्च दिओसेलिनाच्या फार उपयोगी पडला, आणि तिने आभाराचे दोन शब्द कळवलेही.

यापुढचं मात्र तिने ठरवलेलं नव्हतं. तिच्या एका शेवटात लेस विणणारी नायिका गावच्या व्यापाऱ्याला टाळून आपला माल थेट बंदरावर नेते. उबाल्दिनाने ते ऐकलं, टोप्या गाठोड्यात बांधल्या आणि ती बसने ग्वायाकिलला गेली.

परतली ती थेट झाडाखाली. गाठोडं रिकामं होतं, चेहरा काळवंडलेला.

"तुझ्या पुस्तकातला व्यापारी लेस उजेडात धरतो, वा म्हणतो आणि रोख देतो," ती म्हणाली. "माझ्या व्यापाऱ्याने सांगितलं, गवत ओलं आहे. अर्ध्या भावात घेतल्या. एकटी बाई, परत घेऊन कुठे जाणार? ओळखलं त्याने."

 इतके दिवस दिओसेलिना दुसऱ्यांच्या शेवटांना खोटं म्हणत होती. आपला शेवटही बैठकीच्या खोलीत बसूनच लिहिला होता, एवढं तिला कळलं.

"बस," ती बाकावर सरकत म्हणाली. "पहिल्यापासून सांग. तो नक्की काय म्हणाला?"

उबाल्दिना सांगत गेली आणि ती विचारत गेली. दुकानात आणखी कोण होतं, शेजारचं दुकान कुणाचं, भाव कुठे लिहिलेला असतो. मग तिने ते प्रकरण उचकटून पुन्हा लिहिलं. नव्या शेवटात व्यापारी लबाड होता, नायिका दोन मैत्रिणींना बरोबर नेत होती आणि तिघी तीन दुकानांत भाव विचारून मगच गाठोडं सोडत होत्या. चिटणिसाने त्यावर शिक्का मारला.

पुढच्या खेपेला उबाल्दिना दोघींना घेऊन गेली. भाव डॉन ओनोफ्रेंपेक्षा बरा मिळाला. फार नाही, पण बरा. कादंबऱ्या वाचून बायकांची डोकी फिरली आहेत, असं डॉन ओनोफ्रे म्हणाले, आणि आयुष्यात प्रथमच त्यांचं निदान बरोबर होतं. पावसाळ्याआधी त्यांनी स्वतःचा भाव वाढवला. तो उदारपणामुळे वाढवला, असं त्यांनी चर्चमध्ये सांगितलं. डोन्या पेर्पेतुआ मोलकरणीला घरी ठेवून स्वतः चौकात येऊ लागल्या. बाकावर बसून विणकरणींशी बंदरातल्या भावाबद्दल बोलताना त्या नवऱ्याच्या दुकानातली बरीच माहिती सहज सांगून जायच्या.

मग बायका दिओसेलिनाच्या मागे लागल्या, अख्खी कादंबरीच लिही म्हणून. तिने प्रयत्न केला. तिची नायिका पहिल्याच पानावर उठली, कॉफी केली, हिशेब तपासला आणि मिशीवाल्याला दारातूनच परत पाठवलं. चौथ्या पानावर काही घडायचंच उरलं नाही.

"हे काही जमत नाही," ती सेनेनला म्हणाली.

"नवरा ठेवायचास की एखादा," तो म्हणाला. "अडचणी आपोआप येतात."

लग्नानंतर प्रथमच त्याचं मत तिला उपयोगाचं वाटलं. तरी तिने ती चार पानं चुलीत घातली, पेटीतून अजून हात न लावलेलं एक पुस्तक काढलं आणि मागून उघडलं.